बेताच्या कमाईत घरचा फोन

पोरी, सासूबाईंसाठी घरात लँडलाइन घ्यायची म्हणतेस ते योग्यच आहे. ‘आता कोण लँडलाइन घेतं?’ म्हणून शेजारी हसतील, हसू दे. नजर अधू झालेल्या, बोटं थरथरणाऱ्या माणसाला काचेवर बोट फिरवायचा मोबाइल जाच होतो. त्यांना मोठ्या बटणांचा, एका जागी असणारा, उशीखाली हरवून न जाणारा फोन हवा असतो. माझा जन्म टेलिफोन खात्यात गेला, म्हणून चार गोष्टी तुझ्या कानावर घालतो. आधी मुख्य ती ऐक. फोनचं भाडं गरिबाला कसंबसं परवडतं, पण आधी न विचारलेले खर्च परवडत नाहीत. तेव्हा सही करण्याआधी तोंड उघडायचं.

सवलतीची वाट बघू नकोस, पण विचारायला लाजू नकोस. अमेरिकेत ‘लाइफलाइन’ नावाची योजना १९८५ पासून आहे. तिच्यात कमी उत्पन्नाच्या घराला फोनच्या बिलात सूट मिळते. आपल्याकडे घरटी अशी सूट नाही. २००२ साली सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला, त्यालाच आता डिजिटल भारत निधी म्हणतात. तो पैसा आडगावात टॉवर आणि केबल नेण्यासाठी कंपन्यांकडे जातो, आपल्या बिलात उतरत नाही. मात्र निवृत्त सरकारी कर्मचारी आणि दृष्टिहीन यांच्यासाठी बीएसएनएलने वेळोवेळी सवलती दिल्या आहेत. घरात कुणी त्यात बसत असेल तर ओळखपत्र घेऊनच कार्यालयात जा. काउंटरवरचा माणूस आपणहून सांगणार नाही.

घरातले सगळे रिचार्ज आधी कागदावर मांड. नवऱ्याचा मोबाइल, तुझा, पोराच्या अभ्यासाचा डेटा. बेरीज कर आणि मग ठरव. पोराला इंटरनेट लागतंच असेल तर फायबरच्या जोडणीबरोबर बोलण्याची सोय बहुतेक प्लॅनमध्ये येतेच. मग मोबाइलचे मोठे डेटा पॅक बंद करून छोटे घेता येतात. त्या हिशेबाने लँडलाइन जवळजवळ फुकट पडते. इंटरनेट कुणालाच नको असेल तर मात्र स्वस्त दिसला म्हणून फायबरचा प्लॅन गळ्यात घेऊ नकोस. त्यासाठी दुसरी वाट आहे, ती पुढे सांगतो.

जाहिरातीतला आकडा खरा धरू नकोस. ३९९ लिहिलेलं असलं तर त्यावर १८ टक्के जीएसटी चढतो आणि खिशातून ४७१ रुपये जातात. वर्षाचे साडेपाच हजारांच्या वर झाले. त्याशिवाय अनामत किती, जोडणीचे किती, फायबरसाठी घरात बसणाऱ्या डबीचे पैसे एकदाच की दरमहा, आणि फोनचं यंत्र कुणाचं, हे चार प्रश्न विचार आणि उत्तरं लिहून घे. ‘सहा महिन्यांनी दर काय?’ हा पाचवा प्रश्न. सुरुवातीची सूट संपली की बिल वाढतं, आणि त्या वेळी सूट देणारा पोरगा दुसऱ्या गावी गेलेला असतो. वर्षाचे पैसे आगाऊ भरले तर काही प्लॅनमध्ये सवलत असते. तरी पहिले दोन-तीन महिने दरमहा भर, लाइन टिकते का बघ, मग आगाऊ भरायचा विचार कर.

वीज गेल्यावर काय, हे आधी ठरव. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्सचेंजमधून ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून वीज मिळायची. गावात अंधार असला तरी डायलटोन यायचा. आता तांबं निघत चाललं आहे आणि त्या जागी फायबर येते. फायबरमधून वीज वाहत नाही, प्रकाश जातो. म्हणून घरातली डबी, म्हणजे ओएनटी, घरच्या विजेवर चालते. वीज गेली की फोन मुका. आणि म्हाताऱ्या माणसाला फोनची गरज नेमकी अशाच वेळी लागते. त्यासाठी मिनी यूपीएस मिळतो. डबीच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून त्याच जोडीचा घे. त्याचे पैसे पहिल्या खर्चातच धर. आणखी एक विचार: ‘तुमच्या बाजूची वीज गेली तर लाइन चालते का?’ खेड्यांतून फायबर बहुधा स्थानिक केबलवाल्याच्या हातातून येते. त्याच्याकडे बॅकअप नसेल तर तुझा यूपीएस नुसता दिवा लावून बसेल.

जुना फोन भंगारात देऊ नकोस. ओएनटीच्या मागे फोनची खाच असते, तिथे जुनं बटणांचं यंत्र चालतं. त्याच्यावर टोन आणि पल्स असा खटका असेल तर तो टोनवर ठेव. नवा घ्यायचा झाला तर मोठी बटणं आणि मोठा आवाज बघ, बाकी कशाला पैसे घालू नकोस. फोनवर एक कागद चिकटव: मुलाचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबावा लागतो. १५ जानेवारी २०२१ पासून तसा नियम आहे. तेव्हा मोबाइलचे नंबर शून्यासकटच लिही.

आता ती दुसरी वाट. दिसायला लँडलाइन, पण आत सिमकार्ड, असा टेबलावर ठेवायचा फोन मिळतो. तार नाही, जोडणीचे पैसे नाहीत, आत बॅटरी असल्याने वीज गेली तरी काही तास चालतो. सासूबाईंना फक्त बोलायचं असेल तर बहुतेक घरांना हाच परवडतो. दोन पथ्यं पाळ. घरात कुठल्या कंपनीची रेंज नीट येते ते साध्या मोबाइलवर बघ आणि त्याच कंपनीचं सिम घाल. दुसरं, स्वस्तातलं यंत्र फक्त टूजीवर चालणारं असू शकतं. जिओचं टूजी जाळंच नाही, त्यामुळे अशा यंत्रात जिओचं सिम चालत नाही. रिचार्ज करताना ‘फक्त बोलण्याचं पॅक द्या’ असं स्पष्ट सांग. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना बोलणं आणि एसएमएस यांचंच वेगळं व्हाउचर ठेवायला लावलं, आणि विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. दुकानदार डेटाचं पॅक आधी पुढे करतो, कारण ते महाग असतं.

बिघाड झाला तर आधी घरात बघ. फायबरच्या डबीवर ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर बाहेर फायबर तुटली किंवा मुडपली आहे. तो दिवा नसेल आणि तरी डायलटोन नसेल तर शेजारचा फोन आणून लावून बघ. बऱ्याच वेळा यंत्रच गेलेलं असतं. तांब्याची लाइन असेल तर घरातल्या जादा तारा काढून पहिल्याच जोडावर फोन लाव. पावसाळ्यात खरखर येते ती बहुधा ओल्या जोडाची. मग तक्रार नोंदव. बीएसएनएलच्या लँडलाइनसाठी १९८. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. लाइनमनला ओळखीने सांगितलं तर काम लवकर होतं हे खरं, पण त्याची कुठे नोंद राहत नाही. फोन बरेच दिवस बंद राहिला तर त्या दिवसांची भाडेसूट माग. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील कर, त्याला फी पडत नाही. तिथेही हात टेकले तर ग्राहक आयोग आहे. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक आयोगात नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

कागद जपून ठेव. अर्ज, अनामतीची पावती, बिलं, सगळं एका पिशवीत. बिलाचे पैसे रोख कुणाच्या हातात देऊ नकोस आणि पावतीशिवाय तर मुळीच नाही. लँडलाइनचं बिल पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं, म्हणून नाव आणि पत्ता आधारप्रमाणे अचूक लिहायला लाव. फोन बंद करायचा तर लेखी अर्ज दे, डबी परत केल्याची पोच घे आणि अनामत परत मागायला विसरू नकोस. नुसतं बिल भरणं थांबवलं तर थकबाकी चढत राहते आणि अनामत त्यातच जाते.

सासूबाईंना एवढं मात्र बजावून ठेव. ‘दोन तासांत तुमचा फोन बंद होणार, नऊ दाबा’ असा फोन आला तर तो चोराचाच. सरकार किंवा ट्राय असे फोन करत नाही. फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावायचा. बँकेचे ओटीपी मात्र मोबाइलवरच येतात, तेव्हा बँकेत नोंदवलेलं सिम चालू ठेव, लँडलाइन आली म्हणून ते बंद करू नकोस.

आणि शेवटचं. सणासुदीच्या महिन्यातही जेवढं बिल निमूटपणे भरता येईल, तेवढाच फोन घे. थकबाकीपायी तोडलेला फोन कितीही स्वस्तात घेतलेला असला तरी महागच.