तीन दऱ्यांची हिमनगरी

मुलांनो, फ्रान्सच्या पूर्व सीमेवर आल्प्स पर्वताच्या उत्तुंग रांगा आहेत. तेथील सॅव्हॉय प्रांतात तीन दऱ्या एकमेकींशेजारी पसरल्या आहेत. कूरशव्हेल, मेरिबेल, ले मेन्युइर आणि व्हाल तोराँस ही त्यांतील प्रमुख स्थाने होत.

पूर्वी या प्रांतातील लोक गुरे पाळून मोठ्या कष्टाने उदरनिर्वाह करीत. हिवाळ्यात बर्फाने वाटा बुजून जात. मग तुमच्याएवढी कित्येक मुले घर सोडून दूरच्या शहरांत धुराडी साफ करण्यास जात. बर्फ म्हणजे त्यांना संकटच वाटे.

पुढे याच बर्फाने त्यांना अन्न दिले. १९४६ साली कूरशव्हेलची उभारणी सुरू झाली. हळूहळू डोंगरमाथ्यांपर्यंत लोखंडी तारा ओढल्या गेल्या, त्यांवरून पाळणे धावू लागले आणि तिन्ही दऱ्या जोडल्या गेल्या. आज येथे सुमारे ६०० किलोमीटर लांबीच्या घसरणवाटा आहेत. १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधील काही स्पर्धाही येथे झाल्या.

सकाळी प्रवासी पायांना स्कीच्या लांब, अरुंद पट्ट्या बांधतो. पाळण्यातून माथ्यावर जातो आणि पलीकडच्या दरीत वाऱ्याच्या वेगाने घसरत उतरतो. वाटांना रंगांच्या खुणा असतात. हिरवी वाट सर्वांत सोपी. त्यानंतर निळी, मग तांबडी. काळी वाट मात्र केवळ निष्णातांसाठी. परंतु कौशल्याइतकेच वेळेचे भानही हवे. सायंकाळी पाळणे थांबतात. कूरशव्हेलचा पाहुणा त्या वेळी व्हाल तोराँसला राहिला, तर त्याला मोटारीने दरीच्या तळाशी मूतिये गावापर्यंत उतरून पुन्हा दुसरी दरी चढावी लागते. डोंगरावरून जवळ असलेले घर रस्त्याने फार दूर पडते!

उन्हाळ्यात त्याच उतारांवर गाई चरतात आणि त्यांच्या दुधापासून बोफोर नावाचे प्रसिद्ध चीज तयार होते.

परंतु आता पृथ्वीचे तापमान वाढत आहे. आल्प्सच्या खालच्या उतारांवर पूर्वीइतके बर्फ टिकत नाही. यंत्रांनी कृत्रिम बर्फ पाडतात. पण त्यालाही पाणी आणि थंडी लागतेच. काही लहान केंद्रे तर बंद पडली. व्हाल तोराँस सुमारे २३०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे बर्फ अधिक काळ टिकते. खालच्या गावांना ती निश्चिंती नाही.

ज्या बर्फाला पूर्वज भीत असत, ते पडावे म्हणून आज त्यांचे वंशज आकाशाकडे डोळे लावून बसतात. निसर्ग देतो तेव्हा त्याचे दान जपणे हे माणसाचे काम आहे. मात्र त्या एकाच दानावर सारा संसार उभारू नये. म्हणूनच त्या गावांनी आपल्या गाई आणि कुरणेही सांभाळली पाहिजेत.