पुढच्या वाडीचा नकाशा

कोकणात धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांच्या कामांत माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातून जे पक्कं झालं, ते लिहून ठेवतो.

1. लाट उंचीने पाहू नये, जोराने पाहावी. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिवाळ्यात 1 मीटर उंचीच्या, 8 सेकंदांनी येणाऱ्या लाटा खोल पाण्यात दर मीटर रुंदीमागे साधारण 4 किलोवॉट शक्ती आणतात. आषाढात 3 मीटरच्या, 10 सेकंदांच्या लाटा आल्या की हाच आकडा 45च्या घरात जातो. बंधाऱ्याला लागणाऱ्या दगडाचं वजन तर उंचीच्या घनाने वाढतं: लाट दुप्पट, दगड आठपट. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने रत्नागिरी आणि वेंगुर्ल्यासमोर बोये टाकून लाटा मोजल्या आहेत. असे आकडे आधी मागवा, मग अंदाजपत्रकाला हात घाला.

2. तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला, विचारल्याशिवाय लाटा मोजणारा बोया टाकू नये. आमचा पिवळा गोल बोया ऐन पावसाळ्यात टिकला. पावसाळी मासेमारीबंदी उठली आणि आठवड्याभरात जाळ्यात अडकून दोर तुटला. पुढच्या वर्षी आधी बंदरावर गेलो. तांडेल म्हणाला, “साहेब, इथं नको, इथं आमची जाळी लागतात. जरा खालच्या अंगाला टाका.” तिथे तो टिकला.

3. भाद्रपदात किनारा पाहून निर्णय घेऊ नका. पावसाळी लाटा वाळू समुद्रात ओढून नेतात, हिवाळ्यातल्या शांत लाटा ती परत आणून टाकतात. माघातही जी परत येत नाही, ती खरी धूप.

4. जोराच्या लाटा आणि उधाणाची भरती एकत्र आली की खरं नुकसान होतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तेवढ्याच लाटा बाहेरच फुटतात.

5. दिशा विसरू नये. ही चूक मी केली आहे. तिरक्या लाटा वाळूला किनाऱ्याने पुढे चालवत नेतात. आमच्या बंधाऱ्यामागची वाळू अडकली आणि पुढच्या वाडीला मिळेनाशी झाली. तिथल्या एका आजींनी मला हाताला धरून माडापाशी नेलं. बुंध्याखालची माती वाहून गेलेली, मुळांचा लालसर झुपका हवेत लोंबत होता. “तुमचा बंधारा झाला तेव्हापासून,” एवढंच त्या म्हणाल्या. माझ्याकडे लाटांच्या उंचीचे आकडे होते, दिशेचे मी मागवलेच नव्हते. तेव्हापासून कुठलाही प्रस्ताव आला, की मी पुढच्या वाडीचा नकाशा आधी उघडतो.