पाण्यातील आर्सेनिक आणि लोहाचा उपाय

नागपूरच्या नळांना येणारे पाणी प्रामुख्याने पेंच जलाशय व कन्हान नदीचे असते. आर्सेनिकाचा प्रश्न मात्र मुख्यतः भूजलाचा असल्याने विहीर, हातपंप किंवा बोअरवेलचे पाणी पिणाऱ्या कुटुंबांनी तो समजून घेतला पाहिजे. गडचिरोली व गोंदिया जिल्ह्यांना लागून असलेल्या तत्कालीन राजनांदगाव जिल्ह्यात, अंबागड चौकी भागातील कौडीकसा व आसपासच्या गावांत, भूजलातील आर्सेनिक आणि त्यामुळे झालेले त्वचाविकार १९९९ मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केले होते.

आर्सेनिकमिश्रित पाण्याला रंग, वास वा चव यांवरून ओळखता येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते प्रतिलिटर ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास तळहात-तळपायांची त्वचा जाड व खरखरीत होते, अंगावर काळे-पांढरे ठिपके उमटतात, आणि पुढे त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट वाफेमुळे पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

लोहाचा उपयोग येथे होतो. फेरिक क्लोराइडसारखे संयुग पाण्यात मिसळल्यावर फेरिक हायड्रॉक्साइडचे, म्हणजे गंजासारख्या लोहसंयुगाचे, तांबूस कण तयार होतात. आर्सेनिक त्यांच्या पृष्ठभागाला चिकटते (या क्रियेला अधिशोषण म्हणतात) आणि गाळणीत कणांसह अडकते. भूजलात अनेकदा आढळणारे त्रिसंयुजी आर्सेनिक सहज चिकटत नसल्याने क्लोरीनसारख्या ऑक्सिडीकारकाने त्याचे आधी पंचसंयुजी रूपात रूपांतर करावे लागते. पाण्यात फॉस्फेट किंवा सिलिका जास्त असल्यास तेही कणांवरील जागा व्यापतात आणि परिणाम घटतो. म्हणून घरी खिळे टाकून वा अंदाजाने रसायन मिसळून प्रयोग करू नयेत.

संशय असल्यास प्रथम शासकीय प्रयोगशाळेत पाण्याची आर्सेनिकसाठी स्वतंत्र तपासणी मागावी. दोष आढळल्यास पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दुसरा स्रोत वापरावा. लोहाधारित संयंत्र बसवले असल्यास गाळलेल्या पाण्याची ठरावीक काळाने पुन्हा तपासणी करावी, क्षमता संपलेले माध्यम वेळेवर बदलावे, आणि आर्सेनिकयुक्त गाळ शेतात वा विहिरीजवळ न टाकता तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्याची विल्हेवाट लावावी. त्वचेवर वरील लक्षणे दिसणाऱ्याने त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. मात्र दूषित पाणी पिणे चालू असताना कोणतेही औषध पुरेसे ठरत नाही, आणि त्याच विहिरीचे पाणी पिणाऱ्या प्रत्येक घराची तपासणी होणे हाही उपचाराचाच भाग आहे.