श्रीमंतीची जुनी बोली

जुन्या इंग्रजी बोलीभाषेचे कोश चाळण्याचा मला नाद आहे. त्यांतली श्रीमंतांची आणि पैशांची पानं वाचताना मनात साठलेलं थोडं लिहून ठेवते.

१. टोपणनावालाही इतिहास असतो, आणि तो सुखाचाच असेल असं नाही. ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी करून हिंदुस्थानातून गब्बर होऊन परतलेल्या माणसाला अठराव्या शतकातलं लंडन 'नेबॉब' म्हणे. हा आपला नवाबच. सॅम्युएल फूटचं त्याच नावाचं विनोदी नाटक १७७२चं. बंगालचा भीषण दुष्काळ १७७०चा. ही दोन सालं शेजारी दिसल्यापासून तो शब्द मला नुसता गमतीचा वाटेनासा झाला. मात्र एक मानायला हवं. पैशाच्या जोरावर पार्लमेंटात शिरणाऱ्या या मंडळींवर त्यांचेच देशबांधव उघड तुटून पडले होते.

२. वाक्प्रचारात कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे बघावं. हिंदुस्थानात जाऊन झटपट पैसा करणं म्हणजे 'पगोडाचं झाड हलवणं'. हा पगोडा म्हणजे देऊळ नव्हे, दक्षिणेतलं सोन्याचं नाणं, आपला होन. मद्रासचा गव्हर्नर थॉमस पिट याने ४८,००० पगोडे मोजून एक हिरा घेतला आणि १७१७ साली फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला १,३५,००० पौंडांना विकला. लोक त्याला 'डायमंड पिट' म्हणू लागले. त्याचा नातू आणि पणतू दोघेही ब्रिटनचे पंतप्रधान झाले. त्या वाक्प्रचारात झाड आहे, हलवणारा आहे, टपटप पडणारं सोनं आहे. झाडाला पाणी घालणारी रयत मात्र कुठेच नाही. मी पुष्कळ शोधली.

३. मोठी रक्कम तिच्या खऱ्या नावाने उच्चारायला माणूस कचरतो. फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५च्या कोशात एक लाख पौंडांना 'प्लम' म्हटलंय, म्हणजे चक्क एक फळ. मुंबईत लाखाची 'पेटी' होते, कोटीचा 'खोका'. लंडनच्या जुगाऱ्यांचे २५ पौंड म्हणजे 'पोनी', ५०० म्हणजे 'मंकी'. माकडाचं चित्र असलेल्या पाचशे रुपयांच्या नोटेवरून हे नाव पडलं, असं रंगवून सांगतात. तशी नोट कधी नव्हतीच.

४. शब्द वर्गाची कुंपणं सहज ओलांडतात. विनोदी लेखक वुडहाउसच्या कथांमधल्या ड्रोन्स क्लबात खुशालचेंडू अमीरजादे जमतात. तिथला लक्षाधीश म्हणजे ऊफी प्रॉसर. 'ऊफ' म्हणजे पैसा, आणि तो शब्द यिडिशमधून आलाय: टेबलावर मांडलेले रोख पैसे.

५. गरिबाने श्रीमंताकडे कसं पाहिलं, हे कधीकधी एकाच शब्दात सापडतं. ग्रोसच्याच कोशात सुस्थितीतल्या माणसाला 'वॉर्म' म्हटलंय. ऊबदार! विलायतेच्या थंडीत कोळसा, लोकरीचा कोट, दोन वेळचं गरम जेवण ज्याला परवडतं, तो श्रीमंत. त्यात हेवा आहे, पण विखार नाही. हा शब्द कुणा कुडकुडणाऱ्यानेच घडवला असणार, असं मला मनापासून वाटतं. नेबॉबपेक्षा, प्लमपेक्षा, माझा पहिला नंबर यालाच.