भर उन्हातील पहारेकरी

लेसर किरणाचा क्षणिक झोत समोर सोडावा, वस्तूवर आपटून तो परत येईपर्यंतचा काळ मोजावा, की अंतर कळते. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा विलंब म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर अंतर होय.

परतणारा प्रकाश इतका क्षीण असतो, की त्याचा एकेक कण टिपणारा शोधक लागतो. हा शोधक मोठा विलक्षण पहारेकरी आहे. पहिल्या पाहुण्याची वेळ तो अचूक नोंदतो. पण लगेच त्याला डुलकी लागते, ती बहुधा पुढच्या झोतापर्यंत. रात्री याने फारसे बिघडत नाही. भर उन्हात मात्र सूर्यप्रकाशाचे कणच आधी येऊन त्याला निजवितात. नोंदवहीत आरंभीच्या क्षणांचीच गर्दी होते आणि रस्त्यावर दूर उभा असलेला माणूस तीत हरवतो. स्वयंचलित मोटारीला ही चूक कशी परवडावी?

पी. बी. कोट्स यांनी १९६८ सालीच यावर गणित मांडले होते. तेही अंतरासाठी नव्हे, तर उत्तेजित अणूंच्या मावळत्या प्रकाशाचा काळ मोजण्यासाठी. समजा, १००० झोत सोडले. पहिल्या क्षणी १०० कण सापडले, पुढे एका क्षणी केवळ ५०. पण या दुसऱ्या क्षणापूर्वीच पहारेकरी ९०० वेळा निजलेला होता. म्हणजे तो जागा असताना पहिल्या क्षणी दहांत एक कण आला, तर दुसऱ्या क्षणी दोहोंत एक! वस्तू तेथेच आहे.

तो एकदाही जागा नसेल, तर मात्र गणित लंगडे पडते. म्हणून त्याच्या जागृतीची वेळ झोतागणिक मागेपुढे सरकविण्याची युक्ती पुढे निघाली.