इवली चित्रे, हसरी लढाई

(छंद-अभ्यास : इयत्ता सहावी ते नववी, तसेच पालकांसाठी)



या अंकात आम्ही एक छंद पाठाच्या रूपाने मांडत आहोत. बोटभर उंचीची सैनिकांची चित्रे आपल्या हाताने रंगवायची आणि ती मेजावर मांडून गमतीची लढाई खेळायची, असा हा छंद आहे. "यात अभ्यास कुठला?" असे काही पालक लगेच विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर लेख वाचून झाल्यावर त्यांनीच द्यावे.

१) हा छंद परका नाही

महाराष्ट्रात दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला होतो. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात, आणि बाजारातून मातीची रंगीत चित्रे आणून बसवतात: सिंहासनावर महाराज, दारावर भालदार, पायथ्याशी मावळे, तोफा, गवळण, विहीर. सैन्य मांडून खेळण्याची हौस आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे ती अशी. ज्याला आपण बुद्धिबळ म्हणतो त्याचे मूळ नाव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे म्हणून चतुरंग.

आपल्या तेलंगणातही शेजारी अशी परंपरा आहे. तेलुगू घरांत दसऱ्याला किंवा संक्रांतीला पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला 'बोम्मल कोलुवु' म्हणतात. हैदराबादहून नागपूरच्या रस्त्याला लागले की निर्मल हे गाव येते. तेथील कारागीर हलक्या लाकडाची खेळणी करतात. लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ एकत्र करून सांधे जोडतात आणि मग रंग देतात. कोकणात सावंतवाडीची चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी आणि हाताने रंगवलेल्या गंजिफांसाठी प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफेत १० रंग आणि १२० पाने असतात. म्हणजे खेळण्याआधी खेळ रंगवायचा, ही रीत आपल्या लोकांना नवी नाही.

२) जगात काय झाले?

प्रशियात राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी लष्करी अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी मेजावरचा युद्धखेळ तयार केला. वडिलांचा खेळ १८१२ च्या सुमाराचा, मुलाने सुधारलेला १८२४ चा. त्यात नकाशा होता, फासे होते आणि निवाडा करणारा पंच होता. पुढे इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली 'लिट्ल वॉर्स' हे पुस्तक लिहून हा खेळ घरात आणला. जमिनीवर शिशाचे सैनिक मांडायचे आणि कमानीच्या छोट्या तोफेने लाकडी गोळी मारायची. खेळातली लढाई एवढी अवघड, तर खरी लढाई केवढी मोठी चूक असेल, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. ते कुणाच्या हसण्यावारी नेता आले नाही.

१९८० च्या दशकापासून इंग्लंडमध्येच 'वॉरहॅमर'सारखे खेळ निघाले. त्यांत हिरव्या कातडीचे, धांदरट, आपल्याच यंत्राखाली सापडणारे राक्षस आहेत. ते फार महाग पडतात. आम्ही मुलांना ते विकत घ्यायला सांगणार नाही. त्यातली गंमत तेवढी उचलू.

३) चित्र कसे रंगवावे?

आधी प्रमाण समजून घेऊ. १६८ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचे चित्र २.८ सेंटीमीटरचे केले तर प्रमाण १ : ६० होते. या प्रमाणात गोवळकोंड्याची सुमारे १२० मीटरची टेकडी २ मीटर उंच करावी लागेल. फ्लॅटच्या गॅलरीत ती मावणार नाही. आणि किल्ल्याच्या दारात मुले हौसेने जो १५ सेंटीमीटरचा प्लास्टिकचा वाघ उभा करतात, तो खऱ्या मापाने ९ मीटर उंच होईल. त्या वाघाला पाहून शत्रू पळालाच पाहिजे! मुलांनी वाघ काढू नये, हिशोब मात्र करावा.

आता कृती पाहा.

चित्र शाडूच्या मातीचे करा किंवा साधे प्लास्टिकचे घ्या. प्लास्टिकचे असल्यास साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर तेलकटपणामुळे रंग धरत नाही. मग राखाडी किंवा पांढऱ्या रंगाचे पातळ अस्तर द्या. ते वाळल्यावर मुख्य रंग भरा: अंगरखा, पागोटे, कातडी, ढाल. रंग जाड लावू नका. जाड थराने नाकडोळे बुजतात. दोन पातळ हात द्यावेत.

नंतर तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून तो सर्व चित्रावर सोडा. हा रंग खाचांत उतरतो आणि सावली आपोआप पडते. शेवटी कुंचला जवळजवळ कोरडा करून, फिकट रंग उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. पागोट्याच्या घड्या लगेच उठून दिसतात. डोळे शून्य नंबरच्या कुंचल्याने काढावेत, किंवा मुळीच काढू नयेत. हातभर अंतरावरून सावलीच डोळ्यांचे काम करते.

एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंगच द्यावेत. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात २०१६ साली झाला. त्याआधीचे जुने डबे माळ्यावर असतील तर ते मुलांच्या हाती देऊ नयेत. आजोबांच्या वेळचे शिशाचे सैनिक असतील तर ते घासू नयेत. आणि टोक करण्यासाठी कुंचला तोंडात धरू नये. ही सवय चांगल्या चांगल्या चित्रकारांना असते, पण ती वाईटच.

४) पालखेडचा डाव

खेळायला लढाई कोणती घ्यावी? आम्ही पालखेड सुचवतो. १७२७ साली निजामुल्मुल्क आणि पहिले बाजीराव यांच्यात मोहीम सुरू झाली. निजाम पुण्यापर्यंत गेला. बाजीरावांनी त्याच्या मागे न धावता त्याच्याच मुलखात घोडदळ फिरवले. शेवटी निजाम औरंगाबादच्या बाजूला परतू लागला, तोफखाना मागे पडला, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेड येथे मराठ्यांनी त्याला घेरून त्याचे पाणी आणि रसद तोडली. मोठी कत्तल झाली नाही. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. ब्रिटिश फील्डमार्शल माँटगोमेरी यांनी १९६८ च्या आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची वाखाणणी केली आहे.

तहानेने जिंकलेली ही लढाई मेजासाठी अगदी योग्य आहे. नियम असे:

मेज १२० × ९० सेंटीमीटर. एका ९० सेंटीमीटरच्या कडेला निळ्या खडूने गोदावरी काढा. निजामाचे ४ पायदळ व २ तोफा नदीपासून ६० सेंटीमीटरवर मांडा. बाजीरावांचे ६ घोडेस्वार नदीकाठी मांडा.

प्रत्येक मोहऱ्याजवळ ५ चिंचोके ठेवा. चिंचोका म्हणजे पाणी.

एका डावात घोडा २० सेंटीमीटर जातो, पायदळ १०, तोफ ६. प्रत्येक चालीला घोडा व पायदळ एक चिंचोका खर्च करतात, तोफ दोन. जागेवर उभे राहिल्यास खर्च नाही. नदीला पोहोचलेल्या घोडेस्वाराला पुन्हा ५ मिळतात.

घोडेस्वाराच्या ५ सेंटीमीटर परिसरातून शत्रूला जाता येत नाही. पण तोफेच्या १५ सेंटीमीटर परिसरात घोडेस्वाराला येता येत नाही.

निजामाचे मोहरे चिंचोके आपसांत वाटून घेऊ शकतात. ३ पायदळ नदीला पोहोचले तर निजाम जिंकला. तेवढे पोहोचणे अशक्य झाले तर बाजीराव जिंकले. कुणीही मरत नाही.

आता गणित करा. घोडा पाच चिंचोक्यांत १०० सेंटीमीटर जातो. तोफ दोन चालींत १२ सेंटीमीटर जाते आणि तिसऱ्या वेळी अडते. चारही पायदळांना नदी गाठायची तर ६ चाली, म्हणजे २४ चिंचोके लागतात. त्यांच्याजवळ आहेत २०. एक तोफ सोडून दिली तर तिचे ५ मिळून २५ होतात, आणि काम भागते. पण तोफ सोडली की तिचे संरक्षणही गेले! पाणी ठेवू की तोफ ठेवू? १७२८ साली छावणीत जो पेच होता तो नववीच्या मुलाला पाच मिनिटांत कळतो. केवळ धडा वाचून तो इतका कळत नाही.

५) हसू कुठून येते?

प्रत्येक डावाआधी दोन फासे टाका. दोन्हींवर एकच आकडा आला तर फजितीची चिठ्ठी काढा. ३६ पैकी ६ वेळा असे होते, म्हणजे सरासरी सहा डावांत एकदा. चिठ्ठ्या मुलांनीच लिहाव्यात. नमुन्यादाखल काही:

"तोफेचा बैल रवंथ करीत बसला. तोफ एक डाव थांबेल."
"आचाऱ्याने आमटीत दोनदा मीठ घातले. सर्वांची तहान वाढली, प्रत्येकाचा एक चिंचोका कमी."
"हेराने पक्की बातमी आणली, पण ती परवाची होती. तुमचा एक मोहरा समोरचा हलवील."
"दूत इराणी हॉटेलात चहा प्यायला बसला. तह लांबला."

शेवटची चिठ्ठी निघताच "१७२८ साली इराणी हॉटेल कुठे होते?" असे जो विचारील, त्याला एक चिंचोका बक्षीस. इतिहासात काळाचे भान म्हणजे काय, हे त्याला समजले आहे.

फजितीचा नियम एकच. हसायचे ते बैलावर, मिठावर, सेनापतीच्या हरवलेल्या जोड्यावर. कुणाचा धर्म, जात, भाषा किंवा शरीर यांवर चिठ्ठी लिहायची नाही. अशी चिठ्ठी आली तर डाव तेथेच थांबेल.

६) निजामाच्या बाजूने कोण?

खेळात खरी अडचण येथे येते. मराठी मुले बसली की सर्वांना बाजीराव व्हायचे असते. निजाम व्हायला कुणी तयार नसतो. आणि आपण तर हैदराबादेत राहतो. वर्गात, गल्लीत, रिक्षात आपल्या शेजारी बसणारा मुलगा त्या बाजूचा आहे, असे कोवळ्या मनाने धरले तर खेळ विषारी होईल. हे आम्हाला मुळीच नको आहे.

म्हणून मुलांनी खरा इतिहास नीट पाहावा. पालखेडला निजामाच्या बाजूने चंद्रसेन जाधव होते, ते मराठेच. निजामाच्या दरबारात दफ्तराचे काम पिढ्यान् पिढ्या सांभाळणारे राय रायां घराणे मराठी होते. पुढे मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला लढाई झाली, तेव्हा निजामाची कवायती पलटण रेमंड या फ्रेंचाच्या हाताखाली होती, आणि समोर मराठ्यांकडे शिंद्यांच्या पलटणी पेराँ या फ्रेंचाच्या हाताखाली! फ्रेंच दोन्हीकडे, मराठेही दोन्हीकडे. त्या रेमंडची समाधी आपल्याच शहरात अस्मानगढच्या टेकडीवर आहे, आणि मूसारामबाग हे नाव 'मुस्यू रेमंड' वरून पडले असे सांगतात. त्या बाजूने रोज बसने जाणाऱ्या मुलांनी एकदा वर चढून पाहावे.

यासाठी आमचा नियम असा: प्रत्येक सामना दोनदा खेळायचा आणि दुसऱ्यांदा बाजू बदलायची. दोन्ही मिळून निकाल. जो मुलगा तहानलेल्या छावणीत एकदा बसला, तो दुसऱ्याला तहानलेला पाहून सहज टाळ्या पिटत नाही. आपण या शहरात कुणाचे तरी शेजारी म्हणून पिढ्या काढल्या. मुलांनाही तसेच राहायचे आहे.

७) भांडण मराठीत

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. पुस्तकातली मराठी आम्हाला उशिरा भेटली, बोलण्यातली मराठी घराने दिली. म्हणून आम्हाला ठाऊक आहे की भाषा नुसत्या तासाला बसून टिकत नाही. आज अनेक घरांत आई मराठीत विचारते आणि मूल हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देते. पण खेळात भांडण झाले की बोलावेच लागते. "तुझा घोडा पाच सेंटीमीटरच्या आत आहे", "फासा पायाला लागला, पुन्हा टाक", "चिंचोका लपवू नकोस!" हे सारे मराठीतच बोलायचे, असा मेजाचा नियम असावा. दुसऱ्या भाषेत भांडणाऱ्याचा एक चिंचोका जप्त. मराठी नसलेला मित्र खेळायला आला तर त्याला मात्र सूट, आणि त्याला दोन वाक्ये शिकवणाऱ्याला बक्षीस.

डावाच्या शेवटी तह लिहायचा. हरलेल्याने चार ओळींचा तह लिहावा, जिंकलेल्याने त्याचे शुद्धलेखन तपासावे. कुणाला जास्त शिक्षा झाली हे मुलेच ठरवतील.

पालकांना विनंती: दहावीच्या वर्षी हा छंद आठवड्यातून एक तासाच्या वर जाऊ देऊ नका, पण तो तास काढूनही घेऊ नका. रंगवताना मूल तासभर स्थिर बसते, हे तुम्हीच पाहाल. विश्वस्तांना विनंती: तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला किल्ला करायला मुलांना वेळ उरत नाही, आणि फ्लॅटमध्ये माती नाही. शाळेच्या आवारात एक कोपरा मातीसाठी आणि शनिवारी एक खोली मेजासाठी मिळावी. खर्च थोडा आहे. चिंचोके मुले घरून आणतील.

स्वाध्याय

१. १ : ६० या प्रमाणात तुमच्या वर्गखोलीची लांबी किती सेंटीमीटर होईल?
२. बाजीरावांचे ६ घोडेस्वार नदीकाठची जास्तीत जास्त किती लांबी अडवू शकतात? ९० पैकी किती मोकळी उरते?
३. निजामाने दोन्ही तोफा सोडल्या तर पायदळाजवळ एकूण किती चिंचोके होतील? तरीही तो का हरू शकतो?
४. कुणालाही न दुखावणाऱ्या तीन फजितीच्या चिठ्ठ्या लिहा.
५. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीच्या किल्ल्यावर कोणकोणती चित्रे होती ते विचारा, आणि त्यांतील एक रंगवून शाळेत आणा.