हांकेसरशीं धांवणारें फंक्शन

आपल्या घरीं रोजचा स्वयंपाक घरचीं माणसें करितात. परंतु लग्नकार्य निघालें म्हणजे आचारी बोलवावा लागतो. तो येतो, पंगती उठेपर्यंत राबतो, मजुरी घेतो व निघून जातो. त्याला वर्षभर घरीं ठेवून पगार देण्याचें कोणी मनांतहि आणीत नाहीं. संगणकाच्या जगांत अशीच एक व्यवस्था रूढ झाली असून तिला 'सर्व्हरलेस' म्हणतात. तिची थोडक्यांत ओळख करून देण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

इंटरनेटवरून येणाऱ्या मागण्यांस उत्तर देण्यासाठीं जो संगणक अहोरात्र चालूं ठेवावा लागतो, त्यास सर्व्हर म्हणतात. समजा, निकाल दाखविण्यासाठीं एखाद्या शाळेनें असा संगणक भाड्यानें घेतला. वर्षांतून एक दिवस शेंकडों पालक एकाच घटकेस निकाल विचारतात आणि तो गुदमरून जातो. उरलेले दिवस तो रिकामा बसतो, पण भाडें चालूच राहतें.

या अडचणीवर तोड म्हणून अमेरिकेंतील ॲमेझॉन कंपनीनें २०१४ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत 'लॅम्डा' नांवाची सोय जाहीर केली. तींत प्रथम चालूं लागलेली भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत असतांना रचली. त्या वेळीं तिचें काम ब्राउझरपुरतें होतें. पुढें २००९ सालीं रायन डाल यांनीं 'नोड' निर्माण केलें, तेव्हांपासून ती सर्व्हरवरहि सर्रास चालूं लागली.

'सर्व्हरलेस' या नांवानें मात्र फसूं नये. सर्व्हर असतोच, त्याची देखभाल कंपनी करिते, इतकेंच. आपण फक्त एक फंक्शन, म्हणजे एका कामाच्या सूचनांचा लहानसा संच, लिहून द्यावयाचा आणि तो केव्हां चालवावा हें सांगून ठेवावयाचें. असे प्रसंग दोन प्रकारचे असतात. पहिला मागणीचा. कोणी ब्राउझरमधून कांहीं विचारलें कीं फंक्शन जागें होतें, उत्तर तयार करितें आणि त्यासोबत एक अंक धाडतें: २०० म्हणजे काम झालें, ४०४ म्हणजे मागितलेलें सांपडलें नाहीं. दुसरा घटनेचा. साठवणीच्या जागीं नवें छायाचित्र येऊन पडलें, कीं कोणी न सांगतां फंक्शन त्याची लहान प्रत काढून ठेवितें. शंभर मागण्या एकदम आल्या, तर त्याच फंक्शनच्या शंभर प्रती एका वेळीं कामास लागूं शकतात. पैसे पडतात ते मागण्यांच्या संख्येचे आणि काम चाललें तेवढ्या मिलिसेकंदांचे.

सोय मोठी खरी; पण ती वापरणारानें चार गोष्टी ध्यानांत ठेविल्या पाहिजेत. पहिली, बराच वेळ हांक आली नसेल, तर पहिल्या मागणीस उत्तर मिळण्यास किंचित् विलंब लागतो. कारण आचाऱ्यास चूल पेटविण्यापासून आरंभ करावा लागतो. शिवाय लॅम्डाच्या एका फंक्शनास एका खेपेस पंधरा मिनिटांहून अधिक वेळ मिळत नाहीं. दुसरी, फंक्शनच्या स्मरणावर विसंबूं नये. मागच्या खेपेची आठवण कधीं राहते, कधीं पुसली जाते. म्हणून जपावयाचें तें निराळ्या वहींत, म्हणजे डेटाबेसमध्यें, लिहून ठेवावें. तिसरी, छायाचित्राची लहान प्रत मूळ जागींच ठेविली, तर ती प्रतहि नवें छायाचित्र समजली जाते. फंक्शन पुन्हां जागें होतें, पुन्हां प्रत काढतें, आणि हें चक्र फिरत राहून बिल वाढत जातें. म्हणून प्रतींची जागा वेगळी असावी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकच घटना फंक्शनाकडे क्वचित् दोनदां पोंचते. कारण निरोप हरवण्यापेक्षां तो दोनदां गेलेला बरा, असें अशा व्यवस्थेचें धोरण असतें. आतां तें फंक्शन फी जमा करणारें असेल, तर एका विद्यार्थ्याच्या नांवावर एकच रक्कम दोनदां चढेल! यासाठीं प्रत्येक घटनेचा क्रमांक वहींत टिपावा, आणि तो आधींच टिपलेला आढळल्यास कांहीं न करितां परत फिरावें.

हें तत्त्व पटण्यासाठीं पाटीपेन्सिलहि पुरे. "हजेरींत एक मिळव" ही सूचना दोनदां पाळून पाहा. नंतर "आजच्या तारखेपुढें 'हजर' असें लिही" ही सूचना दोनदां पाळून पाहा. पहिलीनें हिशेब बिघडतो, दुसरीनें बिघडत नाहीं. असें कां होतें, हें ज्यानें स्वतः शोधून काढिलें, त्याच्या हातून फंक्शन लिहिण्याचा अर्धा अभ्यास झाला असें समजावें.